वॉर्डातले जंतू एकच की वेगवेगळे? हॉस्पिटल स्ट्रेनचं टायपिंग, आयसोलेट गोळा करण्यापासून रिपोर्टपर्यंत

माझ्याकडे लोक बहुतेक वेळा थेट डेंड्रोग्राम (कोण कोणाच्या किती जवळचं ते दाखवणारं झाड) घेऊन येतात. छान रंगीत, चाळीस आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वेगळे वाढवलेले जंतू), ८० टक्के साम्यावर एक लाल रेघ मारलेली, आणि प्रश्न एकच, "हे सगळे एकच क्लोन आहेत ना?", म्हणजे एकाच पूर्वजाची पिल्लं. मग मी विचारतो हे चाळीस किती पेशंटचे, तर शांतता. एकदा तर असं निघालं की त्यातले नऊ एकाच पेशंटचे होते, दर दोन दिवसांनी पाठवलेलं सक्शन, आणि ते नऊ अर्थातच एकसारखे दिसत होते, त्यात नवल ते काय.

म्हणून टायपिंगवर, म्हणजे एकाच जातीच्या जंतूंमधले स्ट्रेन (उपप्रकार) ओळखण्याच्या कामावर, हे लिहितोय. जेल (डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करून बँड दाखवणारी पट्टी) बिघडतं ते दिसतं आणि माणूस परत लावतो, पण चुकीच्या आयसोलेटवर सुंदर आलेलं जेल कोणीच परत लावत नाही. त्यामुळे पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी गाळू नका.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा

दोन प्रश्न असतात आणि लोक त्यांची भेसळ करतात.

पहिला: या वॉर्डात अचानक केसेस वाढल्या, जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातोय का? हे आउटब्रेकचं काम. यात संशयाच्या काळातले मिळतील तेवढे सगळे आयसोलेट लागतात.

दुसरा: या हॉस्पिटलात वर्षभरात या जंतूचे किती प्रकार फिरतायत? हे विविधतेचं काम. यात नमुना निवडीचा नियम आधी ठरलेला पाहिजे, म्हणजे सलग येणारे सगळे घेणार, की दर महिन्याला ठरावीक संख्येने, आणि एका पेशंटचा एकच.

नेहमीची चूक: क्लेब्सिएला या जंतूचे फक्त कार्बापेनेम-रेझिस्टंट, म्हणजे त्या तगड्या अँटिबायोटिकला दाद न देणारे, आयसोलेट साठवलेले असतात, त्यांचंच टायपिंग होतं आणि निष्कर्ष लिहिला जातो की "हॉस्पिटलमधल्या क्लेब्सिएलात विविधता कमी आहे". अहो, रेझिस्टंटची चाळणी तुम्हीच लावलीत, आणि रेझिस्टंट जंतू बऱ्याचदा मोजक्याच यशस्वी क्लोनचे असतात, एसटी (सिक्वेन्स टाइप, म्हणजे क्लोनचा नंबर) २५८, एसटी ११, एसटी १४७ वगैरे. सेन्सिटिव्ह आयसोलेट घेतले असते तर चित्र वेगळं आलं असतं. रेझिस्टंटपुरतंच काम करायचंय तर करा, पण वाक्यात तसं लिहा.

## टप्पा २: आधी यादी, मग फ्रीझर

एक्सेल उघडा आणि प्रत्येक आयसोलेटसाठी हे रकाने करा: कोड नंबर (पेशंटचं नाव या फाइलमध्ये नको), ॲडमिशनची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, नमुना कशाचा, वॉर्ड आणि बेड, बेड बदलल्याच्या तारखा, दुसऱ्या हॉस्पिटलातून आलाय का, व्हेंटिलेटर-कॅथेटर-सेंट्रल लाइन कधी लागली, कुठलं ऑपरेशन किंवा स्कोपी झाली.

नमुना *घेतल्याची* तारीख, रिपोर्टची नाही. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून यादी काढली की बऱ्याचदा रिपोर्टची तारीख येते आणि दोन-चार दिवस सरकले की कोण आधी कोण नंतर हे उलटं होऊन बसतं.

हॉस्पिटलमध्ये लागलेलं इन्फेक्शन म्हणायला साधारण ४८ तासांची रेघ वापरतात, म्हणजे ॲडमिशननंतर ४८ तासांच्या पुढे दिसलं तर हॉस्पिटलचं. रेघ कामापुरती ठीक आहे, पण जो पेशंट आधीच दुसरीकडे तीन आठवडे आयसीयूत राहून आलाय त्याचा पहिल्या दिवसाचा पॉझिटिव्ह "बाहेरचा" म्हणून फेकू नका, कदाचित साखळी तिथूनच सुरू झाली असेल.

आता डुप्लिकेट. विविधतेच्या कामात एका पेशंटचा एकच आयसोलेट, पहिला. आउटब्रेकच्या कामात मात्र उलट, महत्त्वाच्या पेशंटचे वेगवेगळ्या जागांचे आयसोलेट ठेवा. अमेरिकेत २०११ साली एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये कार्बापेनेम-रेझिस्टंट क्लेब्सिएलाचा आउटब्रेक झाला होता, १८ पेशंटना लागण झाली, ११ दगावले, त्यातले ६ या इन्फेक्शनमुळे. दुसरी केस सापडली ती पहिला पेशंट डिस्चार्ज होऊन तीन आठवडे झाल्यावर, त्यामुळे वरवर बघता संबंध नाही असंच वाटावं. पण पहिल्या पेशंटच्या वेगवेगळ्या जागांवरचे आयसोलेट सिक्वेन्स केलेले होते (डीएनएची अक्षरं वाचलेली), त्यांच्यात आपापसांतच थोडे थोडे फरक निघाले, आणि त्या फरकांवरूनच कळलं की जंतू त्या एका पेशंटपासून एकदा नाही तर किमान तीन वेळा स्वतंत्रपणे पुढे गेलाय. एकच कॉलनी ठेवली असती तर हे हातातून गेलं असतं.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट, संबंध नसलेले कंट्रोल. त्याच जातीचे, पण दुसऱ्या वॉर्डातले किंवा सहा महिन्यांपूर्वीचे, साखळीशी काही घेणंदेणं नसलेले निदान आठ-दहा आयसोलेट. ते नसतील तर तुमचे दहा "एकसारखे" आयसोलेट खरंच एकमेकांकडून आलेत, की त्या भागात सगळीकडे तोच क्लोन आहे, हे सांगायला काहीच आधार उरत नाही.

> तपासा: यादीत पेशंट किती, आयसोलेट किती, कंट्रोल किती? तीन आकडे तोंडपाठ येत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: शुद्ध करा, ओळखा, गोठवा

१. प्लेटवरून एकच सुटी कॉलनी उचला, पुन्हा स्ट्रीक करा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. कॉलन्या दोन तऱ्हेच्या दिसत असतील तर दोन्ही वेगळ्या ठेवा, "चुकून आलेली" म्हणून एक टाकून देऊ नका.

२. जात नक्की करा. ऑटोमेटेड मशिन ॲसिनेटोबॅक्टर बॉमनी आणि त्याच्या भावंडांमध्ये गल्लत करतात, त्यासाठी ओएक्सए-५१ जनुकाचा पीसीआर लावतात कारण ते बॉमनीत मूळचंच असतं. क्लेब्सिएला न्यूमोनिएच्या नावाखाली व्हॅरिकोला आणि क्वासीन्यूमोनिए येऊन बसतात. एंटेरोबॅक्टर क्लोएसी तर एक अख्खं कुटुंबच आहे. जातच वेगळी असेल तर डेंड्रोग्रामवर ती लांब पडणारच, आणि मग तुम्ही लिहिणार "प्रचंड विविधता".

३. १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर, किमान दोन व्हायल, जमलं तर दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये.

सावधान: स्लँटवर (नळीतल्या तिरक्या अगारवर) महिनोन्महिने सबकल्चर करत राहू नका. प्रत्येक सबकल्चरला म्युटेशन साचतात आणि अँटिबायोटिकचा दाब नसेल तर प्लास्मिड (मुख्य जीनोमबाहेरचं छोटं डीएनए, त्यावर बऱ्याचदा रेझिस्टन्सची जनुकं असतात) गळून जाऊ शकतं. मग पहिल्या रिपोर्टमध्ये रेझिस्टंट असलेला जंतू तुमच्या हातात सेन्सिटिव्ह निघतो आणि सगळे एकमेकांवर लेबल बदलल्याचा आळ घेतात.

## टप्पा ४: अँटिबायोग्राम बघा, पण त्यावर झोपू नका

सारखा अँटिबायोग्राम (कुठल्या औषधाला रेझिस्टंट, कुठल्याला सेन्सिटिव्ह ही यादी) म्हणजे सारखा स्ट्रेन, हे डोक्यातून काढा. आयसीयूत जे टिकतं ते सगळंच सगळ्याला रेझिस्टंट असतं, त्यामुळे वेगवेगळे क्लोनसुद्धा कागदावर जुळे दिसतात. उलटही होतं, एकच क्लोन, एकाने प्लास्मिड टाकलं, दोन औषधांना सेन्सिटिव्ह झाला. गठ्ठे करायला वापरा, निकाल द्यायला नको.

## टप्पा ५: पद्धत निवडा

एरिक-पीसीआर आणि रॅपिड (आरएपीडी, म्हणजे रँडम प्राइमरवाले), दोन्हींत पीसीआरने येणाऱ्या बँडचा नमुना बघतात: लवकर होतं, फक्त पीसीआर मशिन लागतं. पण आजचं जेल आणि पुढच्या महिन्याचं जेल यांची तुलना करता येत नाही. पहिली चाळणी म्हणून ठीक.

पीएफजीई (अख्ख्या डीएनएचे एंझाइमने मोठे तुकडे करून ते जेलवर पळवायचे): मेहनतीचं, पण आउटब्रेकला अजून उपयोगी.

एमएलएसटी: सात हाउसकीपिंग (जगायला लागणाऱ्या, त्या जातीत सगळ्यांकडे असणाऱ्या) जनुकांचे तुकडे सिक्वेन्स करायचे, निकाल एका नंबरात, म्हणजे एसटीत, तो नंबर जगात कुठेही तोच. हॉस्पिटलात कुठले क्लोन फिरतायत हे सांगायला उत्तम. आउटब्रेक सिद्ध करायला *अपुरं*, कारण दोन आयसोलेट एसटी १४७ निघणं म्हणजे दोन माणसांचं आडनाव एक निघणं, सख्खे भाऊ असतीलच असं नाही.

होल जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए वाचणं: जमत असेल तर हेच. खाली जास्त याच्यावरच बोलणार आहे.

## टप्पा ६: डीएनए

ग्रॅम-निगेटिव्ह सहज फुटतात. स्टॅफिलोकोकसला साधा लायसोझाइम (पेशीभिंत तोडणारं एंझाइम) पुरत नाही, लायसोस्टॅफिन लागतं, आणि इथेच नवखे लोक अडकतात, डीएनए कमी आला की किटला नावं ठेवतात. चिकट, लाळेसारख्या कॉलनीवाला क्लेब्सिएला असेल तर कल्चर कमी घ्या, जास्त घेतलं की कॅप्सूलचं पॉलिसॅकराइड सगळं चोंदवतं.

२६०/२८० रेशो (डीएनएची शुद्धता दाखवणारा) साधारण १.८ हवा. पण सिक्वेन्सिंगला देताना स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो आरएनए पण मोजतो. फ्लुओरोमीटरवर मोजा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष टायपिंग

### एरिक किंवा रॅपिड करत असाल तर

सगळे आयसोलेट एकाच दिवशी, एकाच मास्टरमिक्सने, एकाच मशिनवर, शक्यतो एकाच जेलवर. डीएनएचं प्रमाण सगळ्यांत सारखं ठेवा, नाहीतर फिकट बँड दिसले-नाही दिसले यावरून खोटे "प्रकार" तयार होतात. तीन आयसोलेट मुद्दाम दोनदा लावा. स्वतःचीच जुळी जोडी डेंड्रोग्रामवर ८७ टक्क्यांना जुळत असेल तर ८७ च्या वर तुमच्या पद्धतीला काही दिसत नाही, एवढं सरळ आहे. रेघ मारण्याआधी हा आकडा काढा. पुस्तकातला ८० टक्के उचलू नका.

### पीएफजीई करत असाल तर

१. पेशींची घनता सगळ्या प्लगमध्ये (पेशी बसवलेल्या जेलच्या ठोकळ्यांत) सारखी, डोळ्याने नाही, मोजून.

२. प्रोटिनेज के नंतर धुणं कमी पडलं तर एंझाइम कापणारच नाही. जेवढे वॉश लिहिलेत तेवढे करा, शेवटचा वॉश हमखास गाळला जातो.

३. एंझाइम जातीप्रमाणे: स्टॅफिलोकोकस ऑरियसला एसएमए-वन, आणि ते २५ अंशांवर, सवयीने ३७ ला ठेवू नका. ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाला एक्सबीए-वन ३७ अंशांवर. ॲसिनेटोबॅक्टरला एपीए-वन, स्युडोमोनासला एसपीई-वन.

४. लॅडर (माहीत असलेल्या मापांचे तुकडे) जेलच्या दोन्ही कडांना आणि मधे पण, म्हणजे वाकडं पळालं तर सॉफ्टवेअरला सरळ करता येतं.

स्मिअर, म्हणजे बँडऐवजी पसरट पट्टा, आला? स्युडोमोनासचे काही स्ट्रेन पळतानाच डीएनए तुटून स्मिअर देतात, बफरमध्ये थायोयुरिया घातला की बरेचदा सुटतं. आणि ऑरियस एसएमए-वनने अजिबात कापलाच जात नसेल तर लगेच एंझाइमला दोष देऊ नका, पशुधनाशी जोडलेला एसटी ३९८ त्याच्या मिथायलेशनमुळे (डीएनएवरच्या रासायनिक खुणांमुळे) कापला जातच नाही, तो स्वतःच एक निकाल आहे.

बँड मोजायचे १९९५ चे टेनोव्हरचे निकष सगळे वापरतात: फरक नाही म्हणजे एकच, २ ते ३ बँडचा फरक म्हणजे जवळचे, ४ ते ६ म्हणजे कदाचित संबंधित, ७ किंवा जास्त म्हणजे वेगळे. पण त्याच निकषांची अट कोणी वाचत नाही. ते लहान संचासाठी, थोड्या महिन्यांच्या स्थानिक आउटब्रेकसाठी होते आणि किमान १० बँड दिसले पाहिजेत असं होतं. तीन वर्षांच्या १५० आयसोलेटला ते लावू नका.

### एमएलएसटी करत असाल तर

ॲसिनेटोबॅक्टरला दोन स्कीम (कुठली सात जनुकं घ्यायची याचे संच) आहेत, ऑक्सफर्ड आणि पाश्चर, आणि नंबर जुळत नाहीत. "एसटी २" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही, स्कीमचं नाव लिहाच. ऑक्सफर्डमध्ये जीडीएचबी जनुकाच्या कधी कधी दोन प्रती असतात आणि चुकीची प्रत वाचली की भलताच एसटी येतो, नवा वाटणारा नंबर आला तर आधी हे तपासा.

आणखी एक, सात जनुकं जीनोमच्या फार थोड्या भागातली असतात. ऑरियसचा एसटी २३९ हा मुळात संकर आहे, एसटी ८ च्या जीनोममध्ये एसटी ३० चा साधारण पाचवा हिस्सा घुसलेला. सात तुकडे बघून अशी गोष्ट कळायची नाही.

### होल जीनोम करत असाल तर

१. डेटा किती हवा ते आधी मोजा. क्लेब्सिएलाचा जीनोम धरा ५५ लाख बेस, ५० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचला जाणं) पाहिजे तर प्रत्येक आयसोलेटला २७.५ कोटी बेस. ऑरियस २८ लाखांचाच, त्याला निम्म्यात भागतं. सगळ्यांना सारखा वाटा दिला की मोठे जीनोम उपाशी राहतात.

२. असेंब्लीचा (वाचलेले तुकडे जोडून उभ्या केलेल्या जीनोमचा) आकार आणि जीसी (जी आणि सी बेसचं प्रमाण) बघा. क्लेब्सिएला साधारण ५७ टक्के जीसी, ऑरियस ३३, ॲसिनेटोबॅक्टर ३९, स्युडोमोनास ६६. क्लेब्सिएलाची असेंब्ली ८० लाखांची आली तर तो सुपर-जंतू नाही, दोन जंतूंची भेसळ आहे. परत टप्पा ३.

३. रेफरन्स, म्हणजे तुलनेचा जीनोम, जवळचा घ्या. त्याच एसटीचा, नाहीतर तुमच्याच संचातला एक लाँग-रीडने (लांब तुकडे वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगने) पूर्ण केलेला. लांबचा रेफरन्स घेतला की जे भाग त्यात नाहीत तिथले एसएनपी (एकेका बेसचे फरक) दिसतच नाहीत.

४. एसटीप्रमाणे वेगळं करून मग एसएनपी काढा. हा सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा आहे. सगळ्या एसटीचे आयसोलेट एकाच अलाइनमेंटमध्ये घातले की सगळ्यांत असलेला कोअर आकसतो, आणि कोअर आकसला की जवळच्यांमधलं अंतर खोटं खोटं कमी होतं. मी स्वतः यात फसलोय, १४ एसएनपीचं अंतर एक दूरचा आयसोलेट घातल्यावर ६ झालं आणि मी खूश.

५. फाज (जंतूंना लागणारे व्हायरस), रिपीट आणि रिकॉम्बिनेशनचे (दुसऱ्या जंतूकडून आलेल्या डीएनएचे) भाग झाका, म्हणजे तुलनेतून वगळा. एका रिकॉम्बिनेशनमध्ये शेकडो एसएनपी एकदम येतात, ती घटना एकच असते. झाकलं नाही तर सख्खी जोडी परकी दिसते.

> तपासा: एकच डीएनए दोनदा लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठीची तयारी) करून सिक्वेन्स केला तर अंतर शून्य किंवा शून्याच्या जवळ यायला हवं. ५ आलं तर तुमच्या फिल्टरमध्ये गळती आहे.

## टप्पा ८: किती एसएनपी म्हणजे "एकच"?

सगळ्यांना एक आकडा हवा असतो. प्रकाशित कामात ऑरियससाठी १५ च्या आसपास आणि क्लेब्सिएलासाठी २१ च्या आसपास एसएनपी असे थ्रेशोल्ड वापरलेत, पण ते त्या त्या पाइपलाइनचे आकडे आहेत, सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या.

हिशोब समजून घेतला तर आकडा पाठ करायची गरज पडत नाही. ऑरियस साधारण वर्षाला ८ एसएनपी जमवतो. दोन पेशंटचे जंतू सहा महिन्यांपूर्वी वेगळे झाले तर एका फांदीवर ४ आणि दुसऱ्या फांदीवरही ४, म्हणजे अंतर ८. लोक एकाच फांदीचं धरतात आणि खरी साखळी नाकारतात. त्यात पेशंटच्या अंगात आधीच असलेली थोडी विविधता मिळवा.

मग तुमच्या कंट्रोलचं अंतर बघा. संबंध नसलेले ३०० च्या पुढे आणि संशयित १२ च्या आत, मधे मोकळं मैदान, तर काम सोपं. कंट्रोलसुद्धा २५ वर येत असतील तर तो क्लोन त्या भागात नुकताच पसरलाय आणि १२ या आकड्यावर फार भार टाकता येणार नाही.

सावधान: स्युडोमोनासमध्ये म्युटेशन दुरुस्तीची जनुकं बिघडलेले हायपरम्युटेटर सापडतात, विशेषतः जुनाट फुप्फुसाच्या इन्फेक्शनमध्ये. त्यांना नेहमीचा थ्रेशोल्ड लागत नाही. एकाच फांदीवर बेसुमार एसएनपी दिसले तर म्यूट-एस, म्यूट-एल जनुकं बघा.

## टप्पा ९: स्ट्रेन वेगळे, पण प्लास्मिड एकच?

समजा एनडीएम (कार्बापेनेम निकामी करणारं जनुक) असलेले सात आयसोलेट, तीन जाती, पाच एसटी. क्लोनच्या नजरेने बघितलं तर "आउटब्रेक नाही" म्हणून फाइल बंद. पण जनुक प्लास्मिडवर बसून एका जंतूतून दुसऱ्यात उड्या मारत असेल, सिंकच्या ड्रेनमध्ये हे चालू राहू शकतं, तर आउटब्रेक आहे, फक्त प्रवासी वेगळा आहे.

शॉर्ट-रीडमध्ये प्लास्मिडचे तुकडे होतात, जोडता येत नाहीत. असे निदान दोन-तीन आयसोलेट लाँग-रीडने पूर्ण करा आणि प्लास्मिड अख्खं जुळवून बघा. नुसतं "दोघांत एनडीएम आणि दोघांत आयएनसी-एफ गटाचं प्लास्मिड" एवढ्यावर प्लास्मिड एकच म्हणू नका, ते फारच ढोबळ लेबल आहे.

## टप्पा १०: विविधता आकड्यात

सिम्पसनचा इंडेक्स वापरतात: यादृच्छिक दोन आयसोलेट उचलले तर ते वेगळ्या प्रकारचे निघायची शक्यता. प्रत्येक प्रकारासाठी संख्या गुणिले संख्या उणे एक, त्यांची बेरीज, भागिले एकूण गुणिले एकूण उणे एक, आणि हे सगळं १ मधून वजा.

२० आयसोलेट, प्रकार ८, ५, ३ आणि चार एकटे. बेरीज ५६ + २० + ६ = ८२. भागिले ३८०. इंडेक्स ०.७८.

आता कळलं की ते ८ खरं तर दोनच पेशंटचे. ८ च्या जागी २, एकूण १४. बेरीज २ + २० + ६ = २८, भागिले १८२, इंडेक्स ०.८५. जंतू तेच, वॉर्ड तोच, फक्त डुप्लिकेट काढले. म्हणून टप्पा २.

## टप्पा ११: नकाशावर बसवा आणि मगच लिहा

झाड एका बाजूला आणि बेडच्या तारखांचा तक्ता दुसऱ्या बाजूला ठेवा. जे जोडीदार झाडावर चिकटलेत ते कधी एका वॉर्डात होते का? नसतील तर लगेच "योगायोग" लिहू नका, मधला न सापडलेला वाहक, सामायिक उपकरण किंवा सिंक शोधा. उलट, शेजारच्या बेडवर असूनही जंतू लांबचे निघाले तर ती साखळी खोडा, कितीही पटत असली तरी.

बाणाची दिशा काढताना हात आखडता घ्या. अ चा नमुना ब च्या आधी पॉझिटिव्ह आला म्हणजे अ ने ब ला दिला असं होत नाही, ब चा स्क्रीनिंग स्वॅबच कदाचित उशिरा घेतला गेला असेल. नर्स किंवा डॉक्टरच्या हाताचा नमुना जुळला तरी तो स्रोत होता की त्यालाच पेशंटकडून लागला हे झाड सांगत नाही, आणि रिपोर्टमध्ये असं एखादं वाक्य सैल सुटलं की माणसाच्या नोकरीवर येतं.

रिपोर्टमध्ये पहिल्या परिच्छेदात टप्पा २ चे तीन आकडे टाका, पेशंट, आयसोलेट, कंट्रोल. मग पद्धत, स्कीमचं नाव, रेफरन्स, काय काय झाकलं, जुळ्या रनचं अंतर. डेंड्रोग्राम त्यानंतर. आणि व्हायल फेकू नका, सहा महिन्यांनी नवी केस येते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की मागचे जंतू अजून आहेत का.